धुऱ्यावरून दिलेले मार्क

डोमाभाऊ, तुमची ती दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. सरणावर ठेवण्याआधी तुमच्या थोरल्यानं तुमचे हात छातीवर जोडायचा प्रयत्न केला. डावा हात नीट आला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात वळलेलं ते वळलेलंच. त्यानं दोनदा जोर लावला, तसा मी त्याच्या अंगावर खेकसलो, "राहू दे ना गा. कायले ओढून राहिला? दुखते त्याईले." मेलेल्या माणसाला दुखतं म्हणणारा हेडमास्तर गावानं पहिल्यांदाच पाहिला असेल. कोणी हसलं मात्र नाही.

त्याला आज सात दिवस झाले. तुम्हाला लिहून काही कळवायची मला सवय नाही. आपलं सगळं तोंडी चालायचं, आणि त्यातलं निम्मं भांडून. आता तुम्ही मध्येच तोडणार नाही, एवढी एक सोय झाली आहे. ती सोय मला नको होती.

आपली ओळखच मारामारीनं झाली, आठवतं ना? मी भंडाऱ्याहून नवा नवा आलेलो, बी.एड.ची शाई अजून वाळली नव्हती. कोंढ्याजवळच्या या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी काय पाहिलं, तर तुम्ही सात पोरांना ओळीत उभं करून बेशरमच्या फोकेनं पोटऱ्यांवर झोडपत होता. एकानं खुरपं आणलं नव्हतं म्हणून सातही जणांना. तिसऱ्या पोराच्या पायावर फोक तुटली आणि तिचा पांढरा चीक त्याच्या वळांवर उडाला. तुम्ही शांतपणे दुसरी फोक तोडायला कुंपणाकडे निघालात. मी आडवा आलो. म्हटलं, "एकाची चूक आणि सातांना मार, हा कुठला न्याय?" तुम्ही म्हणालात, "सातजन मिळून एक काम होतं मास्तर. मंग मार काहून वेगवेगळा देऊ?" मी तुमच्या हातावर हात टाकला आणि तुम्ही माझी गचांडी धरलीत. सदऱ्याची वरची दोन बटनं तुटली. ती त्या मार खाल्लेल्या पोरांनीच शोधून आणून दिली.

संध्याकाळी सुई-दोरा घेऊन तुम्ही खोलीवर आलात. बटनं स्वतः लावून दिलीत आणि लावता लावता पुन्हा भांडलात. मला राग येत होता आणि तुमची शिवण मात्र सरळ पडत होती. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा माणूस खाली मान घालून माझं बटन लावतो आहे, हे पाहून मी पुढचं उत्तर गिळलं. त्या दिवसापासून तुम्ही मला "तू" म्हणू लागलात आणि मी तुम्हाला "भाऊ".

भांडणाचा विषय मात्र पुढची सगळी वर्षं एकच राहिला. पोरं मिळून काम करतात, तेव्हा कोणी किती केलं हे कसं ठरवायचं? दोघे राबतात, दोघे त्यांच्या आड लपतात, एक नुसता बोलतो. मार्क सगळ्यांना सारखे दिले तर राबणाऱ्यावर अन्याय होतो, वेगळे दिले तर मिळून करण्याला अर्थ उरत नाही. तुमचं उत्तर सोपं होतं. कार्यानुभवाच्या तासाला शाळेच्या, तलावाखालच्या धानाच्या दोन बांध्यांत तुम्ही पायजमा गुडघ्यावर खोचून पोरांबरोबर उतरायचात. कोण वाकलं, कोण कंबर धरून उभं राहिलं, हे तुम्ही जवळून पाहायचात आणि चुकाराला तिथंच चिखलात हाणायचात. मी कडेच्या कोरड्या धुऱ्यावर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रजिस्टर. तुमची पद्धत मला रानटी वाटायची. माझ्या पायांना चिखल लागत नाही, यात काही खटकण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

मग मी ती चिंचोक्यांची पद्धत काढली. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या साली. पाच जणांचा गट करायचा आणि प्रत्येकाला दहा चिंचोके द्यायचे. ते त्यानं आपल्या चार सोबत्यांत वाटायचे, ज्यानं जसं काम केलं तसे. स्वतःला एकही ठेवायचा नाही. प्रत्येकाच्या नावाचं गाडगं पळसाच्या आड ठेवायचं, म्हणजे कोणी कोणाला किती दिले ते दिसणार नाही. मास्तराला सगळं दिसत नसतं, पण पोरांना आपल्यातलं कोण राबलं हे पक्कं माहीत असतं, असा माझा हिशेब. आणि कोणी मागे राहू नये, चौघांनी पाचव्याला ओढून घ्यावं म्हणून त्यावर आणखी एक नियम घातला. ज्या गटात एकालाही शून्य पडेल, तो गट बाद. जिंकणाऱ्या गटाला तुमसरची सहल ठेवली. धानाची गिरणी पाहायची आणि तुमसर रोड स्टेशनला जाऊन आगगाडी. आपल्या पोरींनी तोवर आगगाडी पुस्तकातच पाहिली होती.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तंबाखू मळत होता. तंबाखू दाढेत ठेवून म्हणालात, "चिंचोके पोट्ट्याइच्या हाती देशीन, तं ते चिंचोक्यानंच एकमेकाइले मारतीन." मी म्हटलं, "तुमच्या फोकेपेक्षा बरं." तुम्ही थुंकायला बाहेर गेलात. ही युक्ती मला फार आवडली होती भाऊ, माझीच होती ना.

धानाच्या रोवणीच्या त्या दिवशी नववीच्या पोरींचा गट बांधीत होता. शकुन आणि तिच्या तीन मैत्रिणी, चौघी एकाच आळीतल्या. पाचवी फुलवंता, तलावापलीकडच्या टोलीतली. हाडापेरानं मजबूत, तोंडानं जवळजवळ मुकी. तिच्या बापानं तुम्हाला सांगून ठेवलं होतं की एका विषयात जरी गेली तरी शाळा बंद, पाहुणे तयार आहेत. तुम्हाला हे माहीत होतं, मला नव्हतं. सकाळी तुम्ही तिला म्हणालात, "तू पऱ्हे वाट." का, तर तीच सगळ्यांत दमाची. पऱ्ह्यांची बांधी दोन धुरे खाली होती. तिथून रोपं उपटायची, पेंड्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन मांडीभर चिखलातून चढायचं आणि रोवणाऱ्या पोरींच्या मागे एकेक पेंडी फेकायची. सकाळपासून दुपारपर्यंत ती हेच करत होती. तिनं हात थांबवला असता तर चौघींच्या हातात रोवायला काडी नसती.

पण आपल्याकडे रोवणी म्हणजे पात धरून ओळीनं वाकणं. पेंड्या वाटणं हे बाप्यांचं काम, बायांच्या लेखी ते रोवणीत येतच नाही. चौघी पोरी लहानपणापासून हेच पाहत आलेल्या. त्यांना वाटलं, फुलवंतानं एक काडी रोवली नाही, आपल्यासारखी कंबर मोडून घेतली नाही, मग चिंचोके कशाचे द्यायचे? एखादा दुसरी कोणी टाकेलच, असंही प्रत्येकीनं धरलं असणार. त्यांनी खोटेपणा केला नाही. तुम्ही काम वाटलंत, मी मार्क वाटायला बसलो आणि आपण दोघांनी एकमेकांना एका शब्दानं विचारलं नाही. तुम्ही तिला कुठं लावलं हे मला ठाऊक नव्हतं. मला ती नुसती इकडून तिकडे जाताना दिसत होती, तीही रजिस्टरातून मान वर केली तर.

दुपारी मी गाडगी मोजली. चौघींची बारा-तेरा, बारा-तेरा. फुलवंताचं गाडगं उलटं केलं तर त्यातून एक मुंगी पडली. मी धुऱ्यावर उभा राहून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "फुलवंता, शून्य. म्हणून हा गट बाद." नियम बरोबर चालला याचं मला समाधानसुद्धा वाटलं, हे आज कबूल करतो. पुढच्या गटाचं नाव लिहायला मी मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा शकुननं तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला बांधीत पाडलं होतं. "तुयाच्यानं गेलं आमचं तुमसर, मुकी डुकरीन." बाकीच्या तिघी तिच्यावर पडल्या. एकीनं मानेवर गुडघा देऊन तिचं तोंड चिखलात दाबलं. एक कंबरेत लाथा घालत होती, नुकत्या रोवलेल्या पातीवर उभी राहून. फुलवंतानं कशीबशी मान वळवून श्वास घेतला, तर शकुननं तिच्या तोंडात चिखल कोंबला. मग कानातली बाळी धरून ओढली. पाळी फाटल्याचा आवाज मला आला असं मी बरीच वर्षं सांगत आलो. एवढ्या लांबून तो येणं शक्य नाही, पण मला तो अजून येतो.

आणि मी काय केलं? शिट्टी वाजवली. धुऱ्यावरून, पायांत चपला, हातात रजिस्टर, मी पी.टी.च्या मास्तरसारखा शिट्टी वाजवत होतो.

तुम्ही पलीकडच्या बांधीतून धावत निघालात. तेवढ्यात फुलवंता कशी उठली ते मला कळलं नाही. तिनं एकीच्या मनगटाचा लचका तोडला, दुसरीला ढकललं आणि धुऱ्याच्या कडेला पडलेला इळा उचलला, पेंड्यांचे बंद कापायचा. तोंडावर चिखल, त्यातून रक्ताचा ओघळ, नुसते डोळे दिसत होते. चौघी किंचाळत माझ्याकडे पळाल्या आणि माझ्या मागे लपल्या. फुलवंता त्यांच्या मागे आली. म्हणजे मला तसं वाटलं. ती चार हातांच्या अंतरावर आली असताना तुम्ही बाजूनं तिच्यावर झडप घातलीत आणि वर उठलेला इळा उजव्या हातानं, पात्याकडून धरलात. तिनं ओढला. तुम्ही सोडला नाहीत.

रक्त दिसल्यावर तिच्या हातातला इळा गळाला. तुम्ही तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणालात आणि मग मोठ्यानं, "जा, आंग धू." ती गेली. तुम्ही चिखलातच बसलात. बोटांतून निघणारं रक्त बांधीच्या पाण्यात पसरत धुऱ्यापर्यंत आलं. मी खुळ्यासारखा पाहत होतो. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "लिवनं बंद कर गा." तेव्हा मला समजलं की माझ्या हातात पेन अजून उघडंच आहे.

पवनीच्या डॉक्टरनं टाके घातले. शिरा तुटल्या होत्या, त्या जुळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार पोरींचे बाप काठ्या घेऊन शाळेवर आले. पोरीला शाळेतून काढा, पोलिसात द्या. टोलीवरून फुलवंताचे काके कुऱ्हाडी घेऊन आले. कौलांवर दगड पडू लागले आणि सहावीची पोरं बाकांखाली शिरली. एका काठीनं दाराची चौकट उखडली. तुम्ही फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून त्या मोडक्या दारात उभे राहिलात. म्हणालात, "इळा माया हातानं मलेच लागला. धार पाहत होतो. माया मूर्खपना. कोनाले काई विचाराचं असन तं मले विचारा." ज्या माणसाच्या मारानं अर्ध्या गावाच्या पोटऱ्या कधी ना कधी सुजल्या होत्या, तो माणूस चूक आपली म्हणतो आहे, हे पाहून लोक चक्रावले. एकेक जण काठी खाली करून निघून गेला.

आठवड्यानं चौकशीला साहेब आले. हेडमास्तरांच्या खोलीत आपण दोघे शेजारी उभे होतो. साहेबांनी विचारलं, "ही चिंचोक्यांची भानगड कोणी काढली?" माझं तोंड उघडलं होतं भाऊ. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी जी." आणि मी ते मिटलं.

बाहेर आल्यावर कडुलिंबाखाली तुम्ही मला कारण सांगितलंत. "तुले अजून कायम व्हाचं हाये. मले काढाले त्याईले धा वर्स लागतीन." ठपका तुमच्या नावावर चढला आणि गावानंही हळूहळू तोच खरा धरला. त्या दिवसाचे सगळे मार्क रद्द झाले, फुलवंताचं शून्यही गेलं आणि तिची शाळा वाचली. पुढं हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा खुर्ची तुमची होती. तुमच्या कागदात तो ठपका निघाला आणि खुर्ची मला मिळाली. माझ्या गळ्यात पहिला हार तुम्ही घातलात, डाव्या हातानं. लोक म्हणायचे, डोमा मास्तर सुधरले, आता पोरांना मारत नाहीत. तुम्ही त्यांना म्हणायचात, "सुधरलो नाई बावा. फोक पकडता येत नाई." डाव्या हातानं हार घालता येत होता, तर फोकही धरता आली असती. हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात तुम्ही पाचही पोरींना स्वतः तुमसरला घेऊन गेलात. मी येतो म्हटलं तर म्हणालात, "तुले जागा नाई." मला ते लागलं. परत आल्यावर शकुन सगळ्या वर्गाला सांगत होती की तुम्ही स्टेशनवर पाचींना एका बाकावर बसवलं, मध्ये शकुन आणि फुलवंता, आणि गाडी धडधडत आली तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरले. गाडी गेल्यावर पुन्हा सोडले, पण तेवढा वेळ धरले होते. तुम्ही स्वतः मला फक्त गिरणीतल्या भुशानं खोकला झाल्याचं सांगितलंत.

पुढच्या रोवणीपासून तुम्ही नवी रीत लावलीत. घंटा झाली की कामं पालटायची. जी पेंड्या वाहते ती पात धरेल, जी पातीवर आहे ती पेंड्या वाहील. म्हणजे प्रत्येकीच्या मानेला पेंडीचं वजन कळेल. शेवटी तुम्ही एकेकीला जवळ बोलवायचात आणि कोण राबलं, कोण नाही, असं विचारायचाच नाहीत. विचारायचात, "तुया बाजूवालीनं आज काय केलं, एक गोठ सांग." जिला एकही गोष्ट सांगता यायची नाही, तिचेच मार्क कमी, कारण तिनं शेजारी पाहिलंच नाही. आणि हे सगळं तुम्ही चिखलात उभं राहून करायचात. अबोल पोरी त्या एका प्रश्नानं बोलत्या झाल्या. मारानं जे कधी साधलं नव्हतं ते झालं, चुकार पोरीसुद्धा हलायला लागल्या, कारण आपल्याबद्दल कोणीतरी एक गोष्ट सांगणार हे त्यांना ठाऊक होतं.

ती पद्धत तालुक्याच्या शिक्षकांच्या सभेत मी सांगितली. "आमच्या शाळेत आम्ही" असं म्हणालो. टाळ्या पडल्या. तुम्ही शेवटच्या बाकावर होता. परतताना सायकलवर तुम्ही म्हणालात, "चांगला बोलला." त्या वेळी तुम्ही मला सायकलवरून खाली ओढून हाणलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही पुढं पायडल मारत राहिलात.

एकदा मात्र हाणलंत. मी हेडमास्तर होऊन वर्ष झालं होतं. म्हटलं, मला आता खरं सांगून टाकू द्या, मला हे पेलत नाही. तुम्ही डावा हात माझ्या गळ्यावर ठेवून मला भिंतीला दाबलंत. डोकं खुंटीवर आपटलं, खोक पडली. "आता बोलून कोनाचं भलं होते? चौकशी पुन्ना निंगन, पोट्टीचं नाव निंगन. नांदून राहिली ते एकोडीले. तुले हलकं वाटाले पायजे म्हनून तिले मोडू का?" मग माझ्याच धोतरानं माझ्या डोक्याचं रक्त पुसलंत. "अन् तुले काय मालूम हाये त्या दिवसाचं? तुले दिसलं नाई. तू लिवत होता." त्या शेवटच्या वाक्याचा मला फार राग आला. आपण पंधरा दिवस बोललो नाही.

मला तुमचं काही काही कधीच समजलं नाही. फुलवंताला तुमच्या तुकडीत का घेतलंत, मॅट्रिकचा दाखला ती न्यायला आली तेव्हा माझ्या हातातून काढून घेऊन तुम्हीच तिला का दिलात, ती शाळेत आली की मला काही ना काही कामाला बाहेर का धाडायचात. मला वाटायचं, एवढं मोठं मन दाखवलं आणि आता बारीकसारीक गोष्टींत मला डिवचत राहतो. हे मी तुमच्या तोंडावर बोललोही होतो एकदा. तुम्ही नुसते हसलात.

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. मी उठून सगळं सांगितलं. चिंचोके माझे, नियम माझा, शून्य मी वाचलं, ठपका यांनी घेतला, आणि मी बसतो ती खुर्ची यांची आहे. कोणाचंही नाव न घेता, पण बाकी काही न राखता. मला वाटलं, आता कोणीतरी उठून मला विचारेल. सरपंच उठले. डोळे पुसत म्हणाले, "पाहा हेडमास्तरचं मन. गेलेल्या मानसाचा दोष आपल्या आंगावर घेऊन राहिले." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या भाऊ. शोकसभेत. माझ्यासाठी. मला त्या टेबलावरचा पितळी गडवा उचलून पहिल्या रांगेत फेकावासा वाटला. मी हात जोडून खाली बसलो.

लोक पांगल्यावर व्हरांड्यात एक बाई थांबलेली दिसली. एका कानात बाळी, दुसऱ्या कानाची पाळी खालून दुभंगलेली. एकोडीहून सकाळच्या एसटीनं आली होती. मी पुढं होऊन म्हणालो, "फुलवंता, मी ते खरंच सांगत होतो."

"खरंच होय जी. मले मालूम हाये," ती म्हणाली. "पन एक रायलं. मी इळा शकुनसाठी नव्हता उचलला."

"मग?"

"तुमच्यासाठी उचलला होता." तिनं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "पोट्ट्या तुमच्या मांगं पळाल्या म्हनून सगळ्याइले वाटलं त्याईच्यासाठी. डोमा सरनं पाह्यलं होतं, मी कोनाकडं पाहून राहिली ते. इळा धरून कानात म्हनले, त्याले कापून तुया पेंड्या कोनी मोजनार नाई पोरी, सोड."

तिनं पदर सारखा केला.

"सर दरसाल एकोडीले येत. जाताना दरसाल सांगत, त्याले सांगू नोको, तो तुयासमोर उभा राहू शकनार नाई. आता ते नाई, म्हनून सांगून राहिली. शकुनचा राग कवाच गेला जी. तुमचा नाई गेला."

व्हरांड्याच्या खांबाला मी हात लावला. त्या दिवशीचा इळा, साहेबांपुढचा तो "मी जी", तुमसरला न मिळालेली जागा, हातातून काढून घेतलेला दाखला, सगळं एकामागून एक आपापल्या जागी येऊन बसलं. तुम्ही मला डिवचत नव्हता. तुम्ही तिच्या आणि माझ्या मध्ये उभे होता, इतकी वर्षं, वळलेली बोटं घेऊन. आणि मी तुमच्यावर रुसत होतो.

माफी मागायला तोंड उघडलं, पण ती मागितली असती तर तीही माझ्याच मोठेपणात गेली असती. शेवटी मी विचारलं, "त्या दिवशी किती पेंड्या वाहिल्या होत्यास तू?"

तिला आठवावं लागलं नाही. "एकशे चवेचाळीस," ती म्हणाली. "कोनी मोजत नव्हतं, म्हनून मी मोजत होती."

माझा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. तिनं तो जाताना पाहिला. लिवनं बंद कर गा, असं कोणी म्हणालं नाही, कारण म्हणणारा राहिला नव्हता. मी हात खाली घेतला आणि तिच्यासमोर उभा राहिलो, दोन हातांच्या अंतरावर. मध्ये तुम्ही नव्हता.